सातवा हात

हात वर करायचा होता, एवढंच काम होतं. नांगर धरायचा नव्हता की डोंगर चढायचा नव्हता. उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा आणि साहेबानं मोजेपर्यंत तिथं ठेवायचा. दहा वर्षं होऊन गेली, पण न उचललेल्या त्या हाताचं ओझं अजून उतरत नाही.

मी ज्ञानू गुरव. पालीच्या पलीकडे, राजगडाच्या अंगाला आमचं गाव. गावची काळकाई आमच्या घराण्याकडे. तिला आंघोळ घालायची, शेंदूर चढवायचा, दिवा लावायचा आणि गावाला अडचण पडली की कौल लावायचा. देवीच्या दोन खांद्यांवर ओल्या फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. ज्या अंगाची पाकळी आधी गळेल तो देवीचा शब्द. म्हैस हरवली, पोरीला स्थळ आलं, बांधावरून डोकी फुटली, सगळं आमच्या दारात यायचं. त्या बदल्यात सुगीला गाव आम्हाला खळ्यावर धान्य घाली. पाटलाच्या खळ्यावर पहिली पाटी गुरवाची, असा आमचा मान होता.

आता लपवून काय करायचं? पाकळी कधी गळायची ते गुरवाच्या अंगठ्यात असतं. शेंदरावर तेलाचं बोट जरा जास्त फिरलं की त्या अंगाची पाकळी थांबत नाही. माझ्या वडिलांनी मला हे शिकवलं ते शपथ घालूनच. तसं दर वेळी करायचं नसतं. म्हशीच्या वेळी कशाला करायचं? पण संस्थानचा कारभारी गावात आला आणि त्याला अमुकच उत्तर हवं आहे असं पाटलानं डोळ्यानं सांगितलं की वडील सकाळी जरा जास्त वेळ गाभाऱ्यात रेंगाळायचे. आम्हाला त्यात पाप वाटत नव्हतं. राजा देवीचा, पाटील राजाचा आणि आम्ही पाटलाचे, अशी ती उतरंड होती.

राज्य गेलं अठ्ठेचाळीस साली. आमच्या गावाला ते कळायला आठवडा लागला आणि पटायला पंधरा वर्षं. तलाठ्यानं चावडीत सांगितलं की भोरचं संस्थान विलीन झालं, आता राजा नाही, तुम्हीच राजे. म्हातारी माणसं एकमेकांच्या धोतराकडे बघायला लागली. दुसऱ्या दिवशी रखमाजी पाटील नेहमीसारखे चावडीत बसले आणि लोक नेहमीसारखे त्यांच्यासमोर उभे राहिले. राजेसाहेबांची तसबीर भिंतीवर होती ती तिथंच राहिली.

त्याच्या आदल्या वर्षीच्या दसऱ्याला मी भोरला गेलो होतो. दरबारासाठी देवीचा प्रसाद आणि झेंडूच्या माळा माझ्याकडे, आणि पाटलाच्या नजराण्याचं ओझं सोपानच्या डोक्यावर. सोपान खालच्या वस्तीतला. तेव्हा तिला महारवाडा म्हणत, छप्पन्न सालानंतर ती बुद्धवस्ती झाली. आम्ही दोघं एका वयाचे, विशी-बाविशीतले. परतताना भाटघरला धरणाखाली बसलो. मी भाकरी सोडली आणि सवयीनं त्याच्या हातावर वरून टाकायला गेलो. त्यानं हात मागं घेतला.

"एकात खायाची आसंल तर खाऊ," तो म्हणाला. "न्हाईतर मला भूक न्हाई."

आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून एकात खाल्ली. भाकरी आणि तेल-चटणी. कोणी असतं तर खाल्ली असती का, हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत असणार. मग उरलेल्या झेंडूशी चाळा करत ओल्या दगडांवर दुपार कलेपर्यंत बसलो. मोठमोठ्या गप्पा मारल्या. राजे जाणार म्हणतात, मग काय काय होईल, असलं काहीतरी. तेव्हापासून गावात आम्ही फार बोललो नाही, पण रस्त्यात भेट झाली की त्याच्या डोळ्यात ओळख असायची.

त्रेसष्ट साली गावाला पंचायत आली. पाटलांची पाटीलकी त्याच सुमारास सरकारनं काढून घेतली होती. रखमाजी पाटील चार दिवस घराबाहेर पडले नाहीत, आणि पाचव्या दिवशी पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिले. सात जागा होत्या. गावच्या कारभारासाठी गावानं पहिल्यांदा कागदावर शिक्का मारला, आणि निकाल लागला तेव्हा सगळ्यांना घाम फुटला. पाटील धरून तीन माणसं पाटलांची निघाली आणि तीन सोपानच्या बाजूची. सोपान स्वतः, खालच्या आळीचा कोंडिबा आणि धनगरवाड्याची सरूबाई. सातवा मी. मला दोन्हीकडच्यांनी मतं दिली होती, कारण मी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही असा माझा लौकिक. मी त्या लौकिकावर फार खूश असे.

सरपंच या सातांनी आपल्यातून निवडायचा होता. पहिल्या सभेला तालुक्याहून साहेब येणार, तो नावं विचारणार आणि हात मोजणार. एकीकडे पाटील, दुसरीकडे सोपान, तीन आणि तीन. सातवा हात ज्याच्याकडे वर होईल तो सरपंच, हे अंगणात बसून असणाऱ्या म्हाताऱ्यांनासुद्धा समजत होतं.

आणि प्रश्न नुसत्या खुर्चीचा नव्हता. सरकारी विहीर मंजूर झाली होती. कुठं खणायची ते नव्या पंचायतीनं ठरवायचं, म्हणजे सरपंच म्हणेल तिथं. गावात विहीर एकच, वरच्या आळीत. खालच्या वस्तीच्या बायका तिच्या कडेला घागरी मांडून बसायच्या, कोणाच्या मनात आलं तर तो वरून पाणी ओतायचा. नाहीतर नदीचा उतार होताच. सोपानला विहीर वस्ती आणि धनगरवाड्याच्या मधे हवी होती. पाटील म्हणत होते, गावाच्या मध्यावर. गावाचा मध्य पाटलांच्या परड्यात येतो हे मला त्या वर्षी कळलं.

सोपान मला एकदाच भेटला. मत दे, असं तो म्हणालाच नाही. बांधावर बसला, विड्या झाल्या.

"वस्तीतल्या बाया कुठनं पानी आनत्यात, त्ये तुज्या देवळातनं दिसतंय," तो म्हणाला. "मी काय निराळं सांगू? तुजं तू बग."

पाटीलही एकदाच भेटले. तेही मत मागायला नाही.

"ज्ञानू, यंदा खळ्यावर तूच ये," ते म्हणाले. "धाकल्या भावाला लावून देऊ नगंस. तुज्याच हातानं भर."

एवढंच. धमकी म्हणाल तर त्यात धमकी कुठं होती? पण त्या रात्रीपासून मला जेवण गोड लागेना. साहेब हात मोजतोय, पाटील माझ्याकडे बघतायत आणि माझा हात लाकडासारखा झालाय, असं सारखं डोळ्यापुढं यायचं. सोपानकडे हात वर केला तर खळं गेलं. न केला तर देवळातून तो नदीचा उतार रोज दिसणार.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी पाटलांनी आम्हा सातही जणांना चावडीत बोलावलं.

"उद्या परका मानूस यील आन आपल्या घरात कोन कुनाकडं ह्ये मोजंल," ते म्हणाले. "गावाची अब्रू काय ऱ्हायली? आजवर या गावात फूट न्हाई. देवीला इचारू. सकाळी कौल लावू, ती सांगंल त्यो सरपंच. दुसऱ्यानं अर्ज भरायचा न्हाई."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खरं सांगतो, त्या वेळी मला पाटलांचे पाय धरावेसे वाटले. हात वर करायचा नाही, कोणाकडे बघायचं नाही, सगळं देवीवर.

सरूबाई मात्र उसळली. "मंग आमी परवा शिक्का कशापायी मारला? डोंगर उतरून आल्ये मी. फुलाला इचारायचं हुतं तर त्या कागदाची चैन कशाला?"

कोंडिबानं तिला गप्प केलं, कारण देवीच्या विरुद्ध बोलणं त्याला सोसेना. सगळे सोपानकडे बघायला लागले. तो नाही म्हणणार हे सगळे धरून होते. त्यानं सात वर्षांपूर्वी देव सोडले होते. त्याआधी देवानं त्याला उंबऱ्याच्या आत कधी घेतलं नव्हतं. त्याचं आणि काळकाईचं नातं काय होतं? काहीच नाही.

सोपान चावडीच्या पायरीजवळ बसला होता. त्यानं विचारलं, "कौल कोन लावनार?"

"कोन म्हंजे?" पाटील हसले. "गुरव लावनार. ज्ञानू."

सोपाननं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "ज्ञानू लावनार आसंल तर मला मान्य हाय."

चावडीत सगळे चकित झाले. मला तर अभिमान वाटला. वाटलं, काही झालं तरी मनातून माणूस देवीचाच. घरी येऊन रतनबाईला, माझ्या बायकोला, हे फुगून सांगितलंसुद्धा. ती चुलीशी होती. ती म्हणाली, "आवो, त्यानं देवीचं नाव कुठं घेतलं? त्यानं तुमचं नाव घेतलं." मी तिला म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही.

सकाळी उठून देवीला आंघोळ घातली. शेंदूर कालवला. गाभाऱ्यात मी आणि ती. उजवा खांदा पाटलांचा, डावा सोपानचा, असं ठरलं होतं. दोन्ही अंगं सारखी पुसून घ्यावीत आणि खरोखरच तिच्यावर सोडावं, हा विचार माझ्या मनात आला. देवाशपथ आला. आणि दुसराही आला. तेल डाव्या अंगाला लावलं तर कोणाच्या बापाला कळणार आहे? पाटील देवीवर रागावणार का? खळं राहील, विहीर वस्तीला जाईल आणि माझं नाव कुठंच येणार नाही. इतकं सोपं होतं ते. मी तेलात बोट बुडवलं आणि डाव्या खांद्यापर्यंत नेलं.

मग मला वडील आठवले. त्यांचे वडील आठवले. आमच्या हातानं पाटलाच्या विरुद्ध कधी फूल पडलं नव्हतं. पाटलांना शंका आली तर? त्यांच्या वडिलांना ही युक्ती ठाऊक असणारच, मग त्यांना नसेल कशावरून? 'तुज्याच हातानं भर' म्हणाले ते उगाच का? बोट तसंच उजवीकडे गेलं. दोनदा फिरलं. तिसऱ्यांदा फिरवायची गरज नव्हती, तरी फिरवलं.

अंगणात सगळं गाव जमलं होतं. सोपान दीपमाळेपाशी उभा होता, तिथून पुढं तो आला नाही. मी पाकळ्या लावल्या, प्रश्न विचारला. शंभर अंक म्हणायच्या आत उजवी पाकळी सरकत सरकत गळाली. पाटलांच्या माणसांनी देवीचा जयजयकार केला. मी बाहेर येऊन 'उजवी दिली' असं ओरडलो. मला वाटलं होतं की सोपान रागावेल, नाहीतर हसेल. तो तसं काही करेना. तो माझ्या हाताकडे बघत होता. मी हात धोतराला पुसला.

साहेब दुपारी घामाघूम होऊन चालत आला. अर्ज एकच, तो पाटलांचा. हात मोजायची वेळच आली नाही. साहेबाला आनंद झाला. असं एकजुटीचं गाव मी पाहिलं नाही, लोकशाही ती हीच, असं त्यानं भाषण केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळी वाजवायला माझे दोन्ही हात उचलले गेले.

विहीर पाटलांच्या परड्यात झाली. त्या सुगीला माझी पाटी शिगोशीग भरली. रतनबाई म्हणाली, "यंदा लई दिसतंय." मी म्हणालो, पीक बरं आलंय. तिनं धान्य निवडायला घेतलं.

सोपान तीन वर्षं प्रत्येक सभेला आला. प्रत्येक सभेत वस्तीच्या पाण्याचा विषय काढायचा, आणि प्रत्येक वेळी पाटील म्हणायचे, पुढच्या सभेत बघू. मी सतरंजीचा धागा उपसत बसायचो. तिसऱ्या वर्षी श्रावणात त्याची बायको अंजना दोन घागरी घेऊन नदीच्या उतारावर घसरली. मांडीचं हाड मोडलं. बैलगाडीतून नेईपर्यंत वेळ गेला आणि पाय आखूडच राहिला. मी देवळाच्या दारातून तिला घसरताना पाहिलं होतं. त्या दिवाळीनंतर सोपाननं घर बंद केलं आणि दोघं कापूरहोळला गेली.

त्र्याहत्तर साली मी देवळाच्या इनामाच्या कामाला भोरला गेलो होतो. परतताना कापूरहोळच्या फाट्यावर एसटी चुकली. रस्त्याच्या कडेला उस्मानचं गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं कोणीतरी हाक मारली. सोपान टायरपाशी उकिडवा बसला होता. उस्मानकडे तो पंक्चर काढायचं काम करत होता. केस पिकले होते. मला त्यानं बसायला पेटी सरकवली, गावची चौकशी केली, पाटील वारले ते ऐकून "चांगला गडी हुता तब्येतीनं" म्हणाला.

मी किती वर्षं मनात घोकलं होतं ते तिथं, ट्रकच्या आवाजात, बोलून टाकलं.

"सोपान, तवाचा कौल देवीचा न्हवता. म्या त्याल लावलं हुतं. पाटलाच्या अंगाला."

तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "ठावं हाय."

"कवापास्नं?"

"आदीपास्नं. तूच दावलं हुतंस की. भाटघरला, भाकरी खाल्ल्यावर. चटनीचं त्याल वल्या दगडाला लावलंस आन झेंडूची पाकळी चिकटवून म्हनलास, ह्ये बग, देवी आमच्या बोटावर नाचती. लई हसलो हुतो आपन."

मला ते आठवलं. वडिलांनी शपथ घातली होती, तरी दाखवलं होतं खरं. तरणेपणी शहाणपणा मिरवायची हौस असते.

"मंग तू कौलाला हो का म्हनलास?" मी विचारलं. "तुला तर ठावं हुतं, सगळं माज्या हातात हाय."

"म्हून तर म्हनलो." त्यानं ट्यूब बाहेर काढली, भोकावर बोट ठेवलं. "पाटलाम्होरं तू हात वर करनार न्हाईस, ह्ये मला दिसत हुतं. कसा करशील? तुजं खळं हाय, बायको-पोरं हायती. म्या इचार केला, गाभाऱ्यात ज्ञानू एकलाच आसंल. तितं पाटील न्हाई, साहेब न्हाई. हळूच आमच्या अंगाला बोट फिरवंल आन नाव देवीचं हुईल. तुला आडोसा दिला हुता म्या, ज्ञानू. उघड्यावर न्हाई, तर आडोशाला तरी तू माजा हाईस, आसं धरून चाललो हुतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी मान खाली घालून रडलो, भर फाट्यावर, पन्नाशीला टेकलेला माणूस. भीतीचं निमित्त मी दहा वर्षं जपून ठेवलं होतं. पाटील समोर होते, मी काय करणार, असं स्वतःला सांगत आलो होतो. पण गाभाऱ्यात पाटील नव्हतेच. तिथं मीच होतो.

दुकानाच्या मागून अंजना वहिनी आली. एक पाय ओढत. माझ्याकडे बघून डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

"हितं नळ हाय," ती म्हणाली. "दारातच."

मी पाणी प्यालो. सोपान कानशीनं ट्यूब घासत राहिला. एसटी आली तेव्हा त्यानंच उठून हात दाखवून ती थांबवली.

गेल्या महिन्यात गावात ग्रामसभा झाली. नव्या सरपंचानं विचारलं की देवळासमोर दिव्याचा खांब बसवायला कोणाकोणाची संमती आहे. मी हात वर केला. सगळं गावच बाजूनं होतं, विरोधात कोणी नव्हतं. हात मोजून झाले, ठराव लिहून झाला, लोक उठून घरी निघाले. शेजारच्यानं माझ्या कोपराला धरून सांगितलं, "गुरवबाबा, झालं की. घ्या आता खाली."